घरांची टंचाई आणि जमिनीचा प्रश्न : मिहानच्या निमित्ताने

नागपूर शहराच्या दक्षिणेस वर्धा मार्गालगत मिहान प्रकल्पाचा विस्तार आहे. 'मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट, नागपूर' या लांबलचक नावाचे हे लघुरूप आता इतके रूढ झाले आहे की, मूळ नाव विचारले तर आपल्यापैकी अनेकांना ते आठवावे लागेल. या प्रकल्पासाठी राज्य शासनाने २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारातील शेती संपादित झाली आणि विमानतळ धरून चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र एका शासकीय कंपनीच्या नियोजनाखाली आले. आज तेथे टी.सी.एस. व एच.सी.एल. यांसारख्या संगणक कंपन्या आहेत, विमानदुरुस्तीचे केंद्र आहे, आय.आय.एम. आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये रीतसर उद्घाटन झालेले एम्स रुग्णालयही आहे. २०१९ पासून खापरीपर्यंत मेट्रो धावते.

मिहानमुळे किती रोजगार आला आणि किती यायचा राहिला, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या वादात शिरत नाही. आम्हाला विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याच प्रश्नाचा. ज्याला तेथे काम मिळाले त्याने राहावयाचे कोठे? एम्समधील परिचारिका, कंपन्यांच्या फाटकावरील सुरक्षारक्षक, सफाई कामगार, उपाहारगृहातील मुले, नुकताच पदवी घेऊन लागलेला आपल्या समाजातील एखादा तरुण, या सर्वांची मिळकत आणि वर्धा मार्गावरील सदनिकेची किंमत यांचा मेळ बसत नाही. मग कोणी इंदोऱ्याहून येतो, कोणी वाठोड्याहून, कोणी थेट बुटीबोरीकडून. त्याच्या दिवसातील दोन-अडीच तास रस्त्यात जातात. ज्यांची शेती प्रकल्पात गेली त्यांची मुलेही याच रांगेत उभी आहेत, हे विसरून चालणार नाही.

घरांची टंचाई म्हटली की घरे कमी आहेत असे आपण समजतो. आकडे मात्र काही वेगळे सांगतात. केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०१२ साली देशातील शहरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचे नोंदविले. त्यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांची होती. यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर छप्पर होते. पण एका खोलीत दोन दोन कुटुंबे, थोरल्याचे लग्न झाले म्हणून धाकटा ओसरीवर, अशी त्यांची अवस्था होती. आणि २०११ च्या जनगणनेत याच शहरांमध्ये सुमारे १ कोटी १० लाख घरे कुलूपबंद आढळली! म्हणजे घरे बांधली जातात, परंतु ज्याला हवी त्याला परवडतील अशी आणि कामाच्या ठिकाणापासून पोहोचता येईल अशा जागी ती बांधली जात नाहीत. वीट, सिमेंट व लोखंड यांचा भाव नागपुरात सगळीकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो जमिनीच्या भावात. म्हणून आम्ही असे म्हणतो की, घरांचा प्रश्न हा मुळात जमिनीचा प्रश्न आहे.

नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथील साध्या माणसाने सरकारी घराची वाट न पाहता स्वतःच मार्ग काढला. शेतजमिनीवर चुना टाकून पाडलेले भूखंड त्याने हप्त्याने घेतले. विक्रीपत्र हाती, पण अकृषक परवानगी नाही, रस्ता नाही, नाली नाही, अशी ही ले-आउट. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नागपूर सुधार प्रन्यासने त्यांना नियमित करण्याचे काम हाती घेतले आणि '५७२ ले-आउट', '१९०० ले-आउट' हे शब्द घरोघरी पोचले. 'आर.एल. आले काय?' हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला नाही असे घर दक्षिण वा पूर्व नागपुरात शोधावेच लागेल. मिहान जाहीर झाल्यावर याच खेळाचा पुढचा डाव वर्धा मार्गावर मांडला गेला. 'मिहानपासून पाच मिनिटांवर' अशा जाहिराती जितक्या लांबच्या भूखंडांसाठी लागल्या, ते पाहता जाहिरात देणाऱ्यांचे घड्याळ फारच सावकाश चालत असावे.

परदेशात हा प्रश्न कोणी कसा सोडविला, हे पाहताना प्रथम सिंगापूरकडे वळावे लागते. कारण त्यांची सुरुवात आणि आपली सुरुवात एकाच साच्यातील आहे. मुंबईत प्लेगनंतर १८९८ साली इंग्रज सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याच धर्तीवर सिंगापुरात १९२७ मध्ये आणि नागपुरात १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास निर्माण झाले. सिंगापूरच्या ट्रस्टने आपल्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यात सुमारे तेवीस हजार सदनिका बांधल्या. १९६० साली तेथील सरकारने तो ट्रस्ट मोडीत काढून गृहनिर्माण व विकास मंडळ स्थापन केले. या मंडळाने पहिल्या पाच वर्षांतच पन्नास हजारांहून अधिक सदनिका उभ्या केल्या. मे १९६१ मध्ये बुकिट हो स्वी या झोपडवस्तीला भीषण आग लागून सुमारे सोळा हजार माणसे उघड्यावर पडली, तेव्हा शासनाने ती जागा ताब्यात घेतली आणि तेथेच सदनिका बांधल्या. आपल्याकडे आगीनंतर काय होते याचा वाचकांनी स्वतःच विचार करावा.

आज सिंगापूरची सुमारे ऐंशी टक्के स्थायिक वस्ती मंडळाच्या घरांत राहते. ही घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतात आणि १९६८ पासून नोकरदाराला आपल्या भविष्य निर्वाह निधीतून हप्ता भरता येतो. परंतु या यशाचे खरे रहस्य इमारतीत नाही. देशातील सुमारे नव्वद टक्के जमीन राज्याच्या मालकीची आहे. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने ती स्वस्तात घेतली व तिचा भाव वाढू दिला नाही.

येथे आम्हाला थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्यांची जमीन स्वस्तात गेली त्यांनी ती किंमत मोजली. सिंगापूरची स्तुती करणारे बहुतेक लेख हे वाक्य गाळतात. शिवणगावच्या शेतकऱ्याला मात्र ते वाक्य तोंडपाठ आहे. मोबदला आणि पुनर्वसन यांचा त्यांचा झगडा वर्षानुवर्षे चालला. तेव्हा शहराला स्वस्त घरे देण्यासाठी शेतकऱ्याला फसवावे असा धडा कोणी काढू नये.

जमीन घेण्याची दुसरीही रीत जगात आहे. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोच्या उभारणीत आणि पुढे युद्धानंतर अनेक शहरांत तिचा मोठा वापर झाला. सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, रस्ते, बागा, शाळा यांसाठी लागणारा भाग काढून घ्यावयाचा आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे परत द्यावयाची. भूखंड लहान होतो, पण रस्त्यावर येतो, त्यामुळे त्याचे मोल वाढते आणि मालक गावातच राहतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात तिची तरतूद होती आणि अहमदाबाद शहर याच पद्धतीने वाढत आले. पुण्याजवळ हडपसर येथील मगर मंडळींनी तर शासनाची वाट न पाहता सुमारे १२० शेतकरी कुटुंबांची चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन मगरपट्टा वसविला. नवी मुंबईत १९८४ च्या जासईच्या आंदोलनात रक्त सांडले. त्यानंतर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याचा मार्ग खुला झाला. शेतकरी भागीदार झाला तर शहर उभे राहात नाही, ही समजूत या उदाहरणांनी खोटी ठरविली आहे. मगरपट्ट्यात गरिबांची घरे किती, असे कोणी विचारील, तर तो प्रश्नही रास्तच आहे. मालक सुखी झाला म्हणून भाडेकरूची सोय आपोआप होत नाही.

भाडेकरूच्या सोयीचा विचार जितका व्हिएन्ना शहराने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाची राजधानी भुकेकंगाल झाली होती. कामगार एका खोलीत दाटीने राहात आणि काही जण तर केवळ रात्रीपुरता पलंग भाड्याने घेत. १९१९ मध्ये महापालिका कामगारांच्या पक्षाकडे आली. वित्त खात्याचे प्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ साली गृहबांधणी कर बसविला. लहान घराला नाममात्र आणि हवेलीला भरमसाट, अशी त्याची चढती श्रेणी होती. या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. त्यांतील कार्ल मार्क्स हॉफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब असून तिच्यात १,३८२ घरे, तसेच धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या आणि ग्रंथालय होते. भाडे जेमतेम देखभालीच्या खर्चाइतके. बांधकामाचा खर्च कराने भागलेला असल्यामुळे कर्जाचे व्याज भाडेकरूच्या माथी नव्हते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. कारण आजच्या बहुतेक 'परवडणाऱ्या' घरांची किंमत व्याजानेच फुगलेली असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. व्हिएन्नाने ही घरे विकली नाहीत. आज त्या महापालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत आणि शहरातील निम्म्याहून अधिक लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्यांत शिक्षक आहेत, ट्राम चालविणारे आहेत, डॉक्टरही आहेत. केवळ गरिबांची म्हणून ती घरे ओळखली जात नाहीत. त्यामुळे त्यांना कलंक नाही आणि त्यांची हेळसांडही नाही. १९८४ पासून शहराचा एक निधी भाव वाढण्यापूर्वीच जमीन विकत घेऊन ठेवतो. गेल्या काही वर्षांत तर मोठ्या नव्या निवासी क्षेत्रांत दोन-तृतीयांश बांधकाम अनुदानित घरांसाठीच असावे असा दंडक त्यांनी घातला. आपल्याकडे २०१३ साली राज्य शासनाने दहा लाखांवरील लोकवस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पांना वीस टक्के लहान घरांची अट घातली, ती याच जातीची आहे. मात्र दोन-तृतीयांश आणि वीस टक्के यांतील अंतर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

विकले तर काय होते, ते बर्लिनने पाहिले. तिजोरी रिकामी म्हणून त्या शहराने २००४ मध्ये आपल्या एका गृहसंस्थेची सुमारे पासष्ट हजार घरे गुंतवणूकदारांना विकली. पुढे भाडी भडकली आणि २०२१ साली तेथील मतदारांनी मोठ्या कंपन्यांची घरे परत सार्वजनिक मालकीत आणावीत असा कौल बहुमताने दिला. एकदा गेलेली जमीन परत मिळविणे किती कठीण, हे त्यांना आता कळत आहे.

आता आपल्यासारख्या गरीब देशांना व्हिएन्नाचा खर्च झेपेल काय, असा प्रश्न येईल. त्यासाठी चिली देशातील इकिके शहराकडे पाहावे. तेथे भर वस्तीत अर्ध्या हेक्टर जागेवर सुमारे शंभर कुटुंबे झोपड्यांत राहात होती. सरकारी अनुदान इतके तुटपुंजे की, त्यात एक तर गावाबाहेर पूर्ण घर मिळेल, किंवा गावात अर्धे. वास्तुरचनाकार अलेहांद्रो अरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांशी चर्चा करून २००४ मध्ये दुसरा मार्ग निवडला. पाया, जिना, स्वयंपाकघर, न्हाणी, मजबूत भिंती अशी जी कामे कुटुंबाला स्वतः करणे अवघड, ती शासनाने केली. बाजूला तेवढीच रिकामी जागा सोडली आणि उरलेले घर लोकांनी सवडीने बांधले. जागा मोक्याची असल्यामुळे मुलांची शाळा सुटली नाही, बायकांची कामे सुटली नाहीत. नागपुरात पंतप्रधान आवास योजनेची घरे तरोडी, वांजरी, वाठोडा येथे बांधली गेली. ती ज्यांना मिळाली त्यांना आनंदच झाला असणार. पण ही ठिकाणे शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला, व नवी कामे दक्षिणेला. भूखंड स्वस्त मिळाला म्हणजे घर स्वस्त पडले असे होत नाही. ते स्वस्तपण रहिवासी रोज पेट्रोलच्या रूपाने फेडीत असतो.

आम्हाला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते थायलंडचे. बँकॉक शहर कालव्यांचे आहे व गरिबांच्या झोपड्या या कालव्यांच्या काठी होत्या. कालवा घाण करतात म्हणून त्यांना उठवावे, असे नेहमीचे बोलणे. नाग नदी आणि पिवळी नदी यांच्या काठच्या वस्त्यांविषयी आपण हेच ऐकतो. २००३ साली तेथील सरकारने 'बान मनकाँग', म्हणजे 'सुरक्षित घर', ही योजना सुरू केली. तिची रीत आपल्या योजनांच्या उलट आहे. आधी वस्तीने बचत गट करावयाचा. मग सहकारी संस्था नोंदवावयाची. जमीन शासनाची असेल तर तिचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा संस्थेच्या नावे होतो, खाजगी असेल तर संस्था ती मालकाशी बोलणी करून घेते. कर्ज व अनुदानही संस्थेलाच मिळते आणि आराखडा लोक ठरवितात. बांग बुआ कालव्याच्या काठच्या वस्त्यांनी या मार्गाने जमिनीचा भाडेपट्टा मिळविला, घरे मागे सरकवून काठाने रस्ता केला आणि कालवा स्वतः स्वच्छ केला. एकट्या माणसाचे घर सावकार हिसकावू शकतो, अडचणीत तो स्वतःही विकून टाकतो. संस्थेच्या नावावरील जमीन सहजासहजी विकली जात नाही.

याचा अर्थ नागपुरातील झोपडपट्टीधारकांनी मालकी पट्टे मागू नयेत, असा मुळीच नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्याला सातबाऱ्यावर वा पट्ट्यावर आपले नाव पाहण्याचे मोल काय असते ते आम्ही जाणतो. जेथे पट्टा मिळतो तेथे तो अवश्य घ्यावा. नवीन जमिनीवर नवीन वसाहत करताना मात्र सामूहिक पट्ट्याचा विचार व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

घर बांधून झाले तरी त्यात प्रवेश कोणाला, हा प्रश्न उरतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले व तेथूनही काठ्यांचा धाक दाखवून बाहेर काढले गेले. पदवी होती, पगार होता, शहरात खोल्याही होत्या. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाड्याने घर मागणाऱ्या दलित व मुस्लिम उमेदवारांना आजही नकार वा जाचक अटी मिळतात, असे त्यात दिसून आले. आडनाव विचारून चावी देणारे घरमालक आपल्या वाचकांनाही ठाऊक आहेत. सिंगापूरने १९८९ मध्ये प्रत्येक इमारतीत व परिसरात चिनी, मलाय, भारतीय यांचे कमाल प्रमाण कायद्याने ठरवून दिले, जेणेकरून एकाच वंशाच्या वेगळ्या वस्त्या होऊ नयेत. या नियमामुळे अल्पसंख्य वंशाच्या माणसाला आपले घर विकताना अडचण येते, अशी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. शिवाय त्याच सिंगापुरात आपल्याकडून गेलेले बांधकाम मजूर दाटीच्या वसतिगृहांत राहतात व २०२० च्या कोरोनात त्यांचे अतोनात हाल झाले. तरीही सरकारी जमिनीवरील घरवाटपात भेदभाव होऊ नये हे पाहणे शासनाचे काम आहे, इतके तत्त्व त्यांनी मान्य केले. खाजगी बाजारावर सोडलेले घर हे तत्त्व मान्य करीत नाही.

कोणी म्हणेल, ही सारी परदेशातील उदाहरणे. मग आपल्या बेझनबागेचे काय? १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने इंदोरा भागात जमीन घेऊन कामगारांच्या वसाहतीची आखणी केली. कामगारांनी आपल्या ऐपतीप्रमाणे तेथे घरे बांधली. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांचे नाव त्या वस्तीला मिळाले. २००२ मध्ये मिल बंद पडली, वस्ती राहिली. उत्तर नागपुरात गिरणी कामगारांच्या मुलांनी जी शिक्षणाची मजल मारली, तिच्यामागे डोक्यावरचे पक्के छप्पर आणि शाळेजवळचे घर होते.

मिहानमध्ये अजून वेळ गेलेली नाही. तेथील जमीन सार्वजनिक कंपनीच्या हाती आहे आणि कारखान्यांना ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. कारखान्याला भाडेपट्टा देता येतो, तर कामगारांच्या व प्रकल्पग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला का देऊ नये? मेट्रो स्थानकापासून पायी अंतरावरील काही भाग केवळ भाड्याच्या लहान घरांसाठी कायमचा राखून ठेवावा, त्याची विक्री होऊ नये, आणि एम्ससारख्या संस्थांतील कंत्राटी कामगारांनाही तेथे अर्ज करता यावा, अशी मागणी रास्त ठरेल. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना बांधकामासाठी अनुदान आहे. परंतु स्वतःची जागा असल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही, आणि नागपुरात ज्याला घर नाही त्याला जागाही नाही. सामूहिक भाडेपट्ट्याची जमीन या अनुदानास पात्र धरली, तर एका निर्णयाने दोन अडचणी सुटतात.

आपल्या संस्थेतील विधी, नगररचना व समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या दृष्टीने विकास आराखड्याचे नकाशे वाचावयास शिकावे. पिवळा रंग निवासी क्षेत्राचा आणि हिरवा शेतीचा, एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुरे. आराखड्याचा वा त्यातील फेरबदलाचा मसुदा प्रसिद्ध झाला की, हरकती व सूचना देण्यासाठी कायद्याने ठराविक मुदत मिळते. त्या मुदतीत बिल्डरांचे वकील न चुकता हजर असतात. अर्ज मराठीतून, साध्या कागदावर, सर्व्हे क्रमांक व आपले म्हणणे लिहून देता येतो आणि त्याची पोच मागून घ्यावी.